मालकाचा ख्रिस्त आणि गुलामाचा ख्रिस्त

गेले तीन रविवार आम्ही गांवच्या पारावर फ्रेडरिक डग्लसचें चरित्र वाचून दाखवीत आहों. हा मनुष्य अमेरिकेंतील मेरिलंड प्रांतांत 1818 सालीं गुलाम म्हणून जन्मला, विसाव्या वर्षीं पळून सुटला, आणि पुढें जन्मभर गुलामगिरीच्या मुळावर घाव घालीत राहिला. ऐकणारी मंडळी म्हणजे शेतकरी, सुतार, कुंभार, न्हावी. मागच्या खेपेस एका म्हाताऱ्या सुतारदादांनीं मध्येंच विचारलें, "गुरुजी, ज्या देवाचें नांव घेऊन धनी ह्याला चाबूक मारी, तोच देव ह्या गड्यानें कां म्हणून धरला?"

प्रश्न रास्त होता. पण आम्ही तोंड उघडण्यापूर्वींच शेजारीं बसलेल्या दोघां शिकल्यासवरल्या गृहस्थांनीं दोन उत्तरें देऊन टाकलीं. एक म्हणाले, गोऱ्यांनीं त्याला भुलविलें. गुलामाला स्वतःची अक्कल कोठली? दुसरे म्हणाले, ख्रिस्ती धर्मानेंच गुलामगिरी बुडविली, मग तो धर्म धरील नाहीं तर काय करील? आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें खोटीं आहेत. दोहोंतही त्या बिचाऱ्याची कमाई दुसऱ्याच्या खात्यावर चढते.

दुसरें उत्तर आधीं घेऊं. डग्लसचा धनी टॉमस ऑल्ड हा 1832 सालीं मेथॉडिस्ट पंथाच्या एका मेळ्याला गेला. रानांत तंबू ठोकून दिवसच्या दिवस उपदेश आणि प्रार्थना चालावयाच्या, असा तो मेळा. काळ्या लोकांना जागा व्यासपीठाच्या पाठीमागें. धन्याला पश्चात्ताप होतो कीं काय, डोळ्यांतून पाणी येतें कीं काय, हें पोरगा डग्लस टक लावून पाहात होता. त्याला वाटलें, धनी खरोखरच देवाचा झाला तर आम्हांला सोडून देईल. निदान पोटभर खावयास तरी घालील. ऑल्ड धर्मांत शिरला. सकाळ-संध्याकाळ घरांत प्रार्थना सुरू झाली. पाद्री मुक्कामाला येऊं लागले, त्यांच्या पानांत भरपूर पडूं लागलें, आणि गुलाम पूर्वींसारखेच उपाशी राहिले. चाबूक मात्र अधिक कडक झाला. हेनी म्हणून एक पांगळी तरुणी होती. लहानपणीं विस्तवांत पडून तिचे हात निकामी झालेले. तिला हा भक्त सकाळीं बांधून उघड्या पाठीवर फोडून काढी, दुकानावर जाई, आणि जेवायला परत आला कीं त्याच वळांवर पुन्हां मारी. वर शास्त्राचा आधार! धन्याची इच्छा ठाऊक असून जो चाकर ती करीत नाहीं त्यानें पुष्कळ फटके खावे, अशा अर्थाचें शुभवर्तमानांतलें वचन तो म्हणून दाखवी. पूर्वीं निदान क्रौर्य करतांना त्याच्यापाशीं आधार नव्हता; आतां देवच त्याच्या बाजूचा साक्षीदार झाला. मुखीं राम बगलेंत सुरी म्हणतात, तिची ही मेरिलंडची जात.

पुढें 1834 सालीं ऑल्डनें ह्या पोराला कोव्ही नांवाच्या कुळाकडे वर्षभर पाठविलें. माजलेल्या गुलामाला वठणीवर आणणारा म्हणून त्याचा लौकिक, आणि मेथॉडिस्टांत तो पुढारीही. घरच्या प्रार्थनेच्या वेळीं कोव्हीला सूर धरतां येईना, म्हणून ज्याची पाठ फोडायची त्यालाच गीत उचलावयास सांगे! डग्लस कधीं उचली, कधीं मुद्दाम गप्प बसे. त्या वर्षींच्या ऑगस्टांत मात्र त्यानें कोव्हीचा गळाच धरला. जवळजवळ दोन तास झोंबी चालली, आणि त्यानंतर कोव्हीनें त्याच्या अंगाला बोट लावलें नाहीं.

आतां धर्मानें गुलामगिरी बुडविली म्हणणाऱ्यांनीं सांगावें, कोणत्या धर्मानें? ऑल्डच्या कीं कोव्हीच्या? गुलाम बाळगणाऱ्या एका बिशपावरून 1844 सालीं तिकडचा मेथॉडिस्ट पंथच दुभंगला. दुसऱ्या वर्षीं दक्षिणेकडील बाप्टिस्टांनींही आपली चूल वेगळी मांडली. म्हणजे गुलाम सोडण्यापेक्षां धर्मबंधु सोडणें ह्यांना सोपें गेलें. आमच्या जोतीराव फुल्यांनीं 1873 सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील ज्यांनीं गुलामांना सोडविलें त्या सदाचारी लोकांना अर्पण केलें. अर्पण लोकांना आहे, कोण्या देवळाला नाहीं, हें आमच्या ह्या गृहस्थांनीं ध्यानांत घ्यावें.

आतां पहिलें उत्तर: गोऱ्यांनीं भुलविलें. भुलवावयास शिकवावें तरी लागतें कीं नाहीं? लहानपणीं बाल्टिमोर शहरांत असतां धनीणबाई मोठ्यानें बायबल वाचीत, तें ऐकून पोरानें मला शिकवा म्हणून हट्ट धरला. बाईनें अक्षरें शिकविलीं. नवऱ्याला कळतांच त्यानें तें बंद पाडलें; वाचूं लागला कीं तो गुलाम राहण्याच्या कामाचा उरणार नाहीं, असें त्याचें म्हणणें. (आम्हीं इतकीं वर्षें खडू झिजविला, पण शाळेची एवढी थोरवी कोणा इन्स्पेक्टराच्या तोंडून ऐकली नाहीं.) मग पोरगा खिशांत पावाचे तुकडे घेऊन रस्त्यांतल्या गरीब गोऱ्या पोरांना देई आणि त्यांच्याकडून शब्द शिके. बाल्टिमोरच्या गटारांत बायबलाचीं फाटकीं पानें पडलेलीं सांपडत. तीं तो उचली, धुवी, वाळवी आणि वाचून काढी. धन्याच्या मेजावर जें सोनेरी बांधणीचें होतें, तें ह्याला गटारांतून मिळालें. आणि त्याला धर्म शिकविणारा गुरु कोण? लॉसन नांवाचा म्हातारा काळा गाडीवान, ज्याला स्वतःला धड वाचतां येत नव्हतें. पोरानें अक्षर सांगावें, म्हाताऱ्यानें अर्थ सांगावा. हे दोघे गोऱ्यांनीं भुलविले म्हणतां?

ऑल्डच्या गांवीं डग्लसनें काळ्या मुलांच्या रविवारच्या शाळेंत शिकवावयास घेतलें, तेव्हां दुसऱ्याच रविवारीं मेथॉडिस्ट पुढारी काठ्या घेऊन आले आणि त्यांनीं ती उधळली. स्वतः ऑल्डही त्यांत होता. रविवारीं दारू प्यालेला, कुस्ती खेळणारा गुलाम ह्या लोकांना चाले, बायबल वाचणारा चालत नसे. पुढें दुसऱ्या धन्याकडे त्यानें पुन्हां चोरून शाळा भरविली, तेव्हां चाळिसांवर माणसें जमत.

1838 च्या सप्टेंबरांत खलाशाचे कपडे आणि उसने कागद ह्यांच्या आधारें तो उत्तरेकडे सुटला. न्यू बेडफर्डच्या गोऱ्या मेथॉडिस्टांत तो मोठ्या आशेनें गेला. प्रभुभोजनाचा दिवस आला. सारे गोरे जेवून उठल्यावर पाद्र्यानें कोपऱ्यांतल्या पांचसहा काळ्यांना हांक मारली, आणि देव तोंड पाहून माणसाला मान देत नाहीं असें गोड आवाजांत सांगितलें! डग्लस उठला तो त्या देवळांत पुन्हां गेला नाहीं. काळ्या लोकांनीं स्वतः काढलेल्या झायन मेथॉडिस्ट मंडळींत जाऊन तो उपदेशक झाला.

सुतारदादा, तुमचें उत्तर त्यानें स्वतःच 1845 सालच्या आत्मचरित्राच्या शेवटीं देऊन ठेवलें आहे. ख्रिस्ताचा धर्म वेगळा, ह्या देशाचा धर्म वेगळा. एकाचा जो मित्र तो दुसऱ्याचा वैरीच असला पाहिजे, असा त्याचा अभिप्राय. हत्यार धन्याच्या हातांत सांपडलें म्हणून तें धन्याचें होत नाहीं. तुमचा वाकस कोणी पळविला तर तुम्ही सुतारकी सोडाल काय? त्यानें तें हत्यार हिसकून घेतलें. स्कॉटलंडच्या फ्री चर्चनें गुलामवाल्यांकडून देणगी घेतली होती, तेव्हां 1846 सालीं तेथें गांवोगांव सभा घेऊन तो पैसा परत करा म्हणून त्यानें रान उठविलें. पैसा कांहीं परत गेला नाहीं. 5 जुलै 1852 रोजीं रॉचेस्टर येथें, स्वातंत्र्याच्या उत्सवासाठींच बोलावलें असतां, गुलामगिरीचा आधारस्तंभ तुमचीं देवळें आहेत असें त्यानें भर सभेंत सुनावलें. आणि गुलामगिरी कायद्यानें गेल्यावर, 1870 सालीं, देवाचे आभार मानण्याची ठराविक भाषा टाकून त्यानें माणसांचे आभार मानले. तेव्हां फिलाडेल्फियाचे काळे उपदेशकही त्याच्यावर रागावले. त्याला ती पर्वा नव्हती.

1877 सालीं तो सेंट मायकल्स गांवीं मरणाला टेकलेल्या टॉमस ऑल्डला भेटला. ऑल्डच्या डोळ्यांत पाणी आलें, आणि डग्लसचा गळा दाटून आला. डग्लसनें त्याला आपला जन्म कोणत्या सालचा हें विचारलें. साठीला आलेल्या त्या माणसाला आपलें वय धन्यालाच विचारावें लागलें.