एका फाइलीचे दोन धनी

माजलगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी, जेथे शाळेच्या संगणककक्षापासून बाजारपेठेतील सेवाकेंद्रापर्यंत पुष्कळसे व्यवहार आता आंतरजालाच्या जोडणीवर अवलंबून राहू लागले आहेत, तेथे संगणकाने एखादे काम करण्यास नकार दिला म्हणजे त्या नकाराचे कारण शोधीत बसण्यापेक्षा तो कसाबसा मोडून काढून पुढे जावे, ही वृत्ती बळावणे स्वाभाविक आहे. दारात माणसे दाखल्यासाठी तिष्ठत असता यंत्राच्या तक्रारीचा अर्थ लावावयास सवड कोणाला असते? तथापि लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीपुरते बोलावयाचे तर असे नकार बहुधा विचारपूर्वक ठरविलेल्या नियमांतून आलेले असतात. आणि दोन पॅकेजांनी एकाच फाइलीवर हक्क सांगितला असता जो नकार मिळतो, तो तर इतका मोलाचा आहे की त्याला बळाने बाजूस सारण्याची सवय आपल्या तालुक्यांतून नाहीशी व्हावी, असे मला मनापासून वाटते.

लिनक्समध्ये नवे साधन बसवावयाचे ते पॅकेजाच्या रूपाने. पॅकेज म्हणजे फाइलींचा एक गठ्ठा, आणि त्यासोबत त्याची आवृत्ती कोणती, त्याला आणखी कशाकशाची गरज आहे, कोणाशी त्याचे जमत नाही, याची लेखी नोंद. ऑगस्ट १९९३ मध्ये इयान मरडॉक यांनी ज्या डेबियन वितरणाचा आरंभ केला, त्यात हे सारे दप्तर डीपीकेजी नावाचा प्रोग्राम सांभाळतो. रेड हॅट या दुसऱ्या वितरणाच्या परंपरेत तेच काम आरपीएम हा प्रोग्राम करतो. कोणती फाइल कोणत्या पॅकेजाच्या मालकीची, हे या दप्तरात नमूद असते, आणि नवे पॅकेज दुसऱ्याच्या नावे असलेल्या फाइलीवर लिहू पाहते तेव्हा डीपीकेजी त्या फाइलीचे आणि तिच्या धन्याचे नाव सांगून थांबतो. आरपीएम किंचित उदार आहे: दोन्ही पॅकेजांतील ती फाइल अक्षरशः एकसारखी असेल तर तो सामाईक मालकी मान्य करतो, डीपीकेजी सामान्यतः तेवढेही मान्य करीत नाही.

या तंट्याला नेटवर्कच्या स्क्रिप्टांइतके पोषक क्षेत्र दुसरे क्वचितच आढळेल. जोडणी सुरू होताना आणि बंद होताना ज्या छोट्या स्क्रिप्टा चालतात, त्यांत तारेची जोडणी, बिनतारी जोडणी, मोडेम, खाजगी बोगदा, नावावरून पत्ता शोधणारी व्यवस्था, या सर्वांनाच काही ना काही करावयाचे असते, आणि प्रत्येकाला आपले काम त्याच क्षणी, त्याच ठिकाणी झालेले हवे असते. रेड हॅटच्या प्रणालीत जोडणी सुरू आणि बंद करणाऱ्या 'इफअप' आणि 'इफडाउन' या दोन आज्ञा वर्षानुवर्षे 'इनिटस्क्रिप्ट्स' या पॅकेजाच्या ताब्यात होत्या. पुढे नेटवर्कमॅनेजर हा नवा कारभारी आला आणि त्यानेही त्याच नावांच्या आज्ञा पुरविण्यास आरंभ केला. २०१८ मध्ये, रेड हॅटच्याच परिवारातील फेडोरा या वितरणाच्या २९ व्या आवृत्तीच्या सुमारास, जुन्या स्क्रिप्टा 'नेटवर्क-स्क्रिप्ट्स' या स्वतंत्र पॅकेजात काढण्यात आल्या. २०१९ च्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ मध्ये त्या कालबाह्य म्हणून जाहीर झाल्या, आणि २०२२ च्या नवव्या आवृत्तीतून त्यांनी निरोप घेतला. आठव्या आवृत्तीत दोन्ही पक्ष एकत्र नांदत होते, ते 'अल्टरनेटिव्हज' या यंत्रणेमुळे: 'इफअप' हे नाव प्रत्यक्षात केवळ एक दुवा राहिला, त्याचे टोक कोणाकडे वळवावयाचे हे अग्रक्रमाच्या नोंदीने ठरू लागले, आणि कोणाचीही फाइल कोणावर लिहिली गेली नाही. एकाच कामाचे दोन पर्याय असतील तर हा मार्ग उत्तम. ते पर्याय एकत्र नांदूच शकत नसतील तर तसे उघड जाहीर करावे, हाही मार्ग प्रशस्तच आहे. डेबियनमध्ये 'रिझॉल्व्हकॉन्फ' आणि 'ओपनरिझॉल्व्ह' ही एकच आज्ञा पुरविणारी पॅकेजे आपसांतील विरोध नोंदवूनच वावरतात, म्हणजे एक आले की दुसरे निघते.

परंतु सर्वांत अधिक विचार करण्यासारखा प्रश्न पर्यायांचा नव्हे, सहवासाचा आहे. जेथे चार पॅकेजांना एकत्र राहावयाचे आहे आणि चौघांनाही एकाच फाइलीत आपला शब्द घालावयाचा आहे, तेथे काय करावे? डेबियनच्या धोरणसंहितेने याचे दिलेले उत्तर मला शासनव्यवहारातील कित्येक नियमांहून अधिक सुज्ञ वाटते. सामाईक मांडणीच्या, म्हणजे प्रोग्रामाची वागणूक ठरविणाऱ्या, फाइलीचा धनी एकच असावा. इतरांनी त्याच्यावर अवलंबून असल्याचे जाहीर करावे. आणि ती फाइल सर्वांनीच बदलावयाची असेल तर त्या धन्याने इतरांना बदल सुचविता यावा यासाठी एक साधन पुरवावे, जेणेकरून परभारे हात घालण्याचे कोणालाच कारण उरू नये. आपल्याकडील धरणाचाच दाखला घ्या: माजलगावच्या जलाशयात सिंदफणेचे पाणी येते आणि पैठणच्या उजव्या कालव्यातूनही येते. तरी धरणाचे दार उघडण्याचा अधिकार एकाच खात्याकडे असतो, आणि शेतकरी अर्ज करून, पाळी आली म्हणजे आपापल्या चारीतून पाणी घेतो. नेटवर्कच्या बाबतीत ही चारी म्हणजे स्वतंत्र निर्देशिका होय. डेबियनमध्ये जोडणी सुरू झाल्यावर चालवावयाच्या स्क्रिप्टांसाठी 'इफ-अप-डी' नावाची एक निर्देशिका राखून ठेवलेली आहे. प्रत्येक पॅकेज तीत स्वतःच्या नावाची वेगळी फाइल ठेवते, 'रन-पार्ट्स' हा प्रोग्राम त्या फाइली क्रमाने चालवितो, आणि मूळ फाइलीला कोणी स्पर्शही करीत नाही. येथे एक बारकावा अवश्य ध्यानात ठेवावा: रन-पार्ट्स एरवी ज्या फाइलीच्या नावात टिंब असेल ती मुकाट्याने वगळतो, त्यामुळे कोणी सद्‌हेतूने आपल्या स्क्रिप्टेच्या नावाला शेवटी टिंब देऊन प्रत्यय जोडला तर ती कधीच चालत नाही, आणि दोष शोधणारा भलतीकडेच शोधीत राहतो.

आता बळाच्या मार्गाविषयी. डीपीकेजीला 'फोर्स-ओव्हरराइट' असे बजावले तर तो निमूटपणे नवी फाइल जुन्या फाइलीवर लिहितो, आणि त्या दिवसापुरते काम निभते. परंतु पुढे ते नवे पॅकेज काढून टाकले की ती फाइलही त्याबरोबर जाते. जुने पॅकेज दप्तरी मात्र पूर्णपणे स्थापित म्हणून उभे राहते, आणि त्याच्या पोटातील एक अवयव नाहीसा झाल्याची वर्दी कोणालाही मिळत नाही. ती फाइल नेटवर्कची असेल तर संगणक सुरू होतो आणि जोडणी मात्र होत नाही. आणि दुरुस्तीसाठी लागणारे पॅकेज आणावयाचे ते त्याच जोडणीवरून. शहरात शेजारच्या यंत्रावरून काम भागते. जेथे कक्षात जोडणी असलेला संगणकच एक, तेथे जाणकार माणूस बीडहून किंवा परभणीहून येईपर्यंत सारे थांबून राहते. असे झाल्यावर लोक दोष देतात तो लिनक्सला, मुक्त प्रणाली फुकटची म्हणून कच्ची असा निवाडाही करून मोकळे होतात, आणि ज्या नियमाने त्यांना आधीच सावध केले होते त्याचे स्मरण कोणालाच राहत नाही. हा अन्याय मला अतिशय बोचतो.

दुरुस्तीचे खरे मार्ग पॅकेज बांधणाऱ्याच्या हाती असतात. एखादी फाइल एका पॅकेजातून दुसऱ्यात रीतसर हलवावयाची असेल तर नव्या पॅकेजाने जुन्याच्या अमुक आवृत्तीपूर्वीच्या रूपांविषयी 'ब्रेक्स' आणि 'रिप्लेसेस' या दोन्ही नोंदी कराव्या लागतात; मालकीचा हा फेरफार नोंदला गेला की डीपीकेजी तक्रार न करता फाइल नव्या धन्याच्या नावे चढवितो. 'डाइव्हर्ट' ही आणखी एक युक्ती दुसऱ्याची फाइल नोंद ठेवून अन्य नावाने बाजूस सारते. परंतु मांडणीच्या फाइलींना ती मानवत नाही, आणि नेटवर्कच्या पुष्कळशा फाइली नेमक्या त्याच वर्गातील असतात. कधी तंटा आज्ञेच्या नावाचाच असतो: हौशी रेडिओचालकांचा 'नोड' हा प्रोग्राम आणि जावास्क्रिप्ट चालविणारा नोड-जेएस यांचा 'नोड' या नावाचा वाद २०१२ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीपुढे गेला. समितीने नोड-जेएसला 'नोडजेएस' हे नाव घ्यावयास लावले, आणि परिस्थिती पालटल्यावर २०१७ मध्ये ते बंधन उठविले. एका चार अक्षरी नावासाठी इतकी चिकाटी कशासाठी, असे कोणास वाटेल. परंतु सार्वजनिक मालमत्तेची राखण याच चिकाटीने होते.

हे सर्व आपल्यापासून दूरचे नाही. ज्या सी-डॅक या शासकीय संस्थेचे मुख्यालय पुण्यास आहे, तिनेच सिद्ध केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियनच्याच पायावर उभी आहे. सी-डॅकच्या मुंबई येथील जनभारती या उपक्रमाने डेबियनच्या मराठीकरणाचे काम अंगावर घेतले, आणि २००९ च्या लेनी आवृत्तीपासून डेबियन मराठीतून स्थापित करता येऊ लागले. केरळने तर आपल्या शाळांतून मुक्त प्रणाली रुजवून दाखविली आहे. महाराष्ट्रात संगणकसाक्षरतेचे प्रशिक्षणवर्ग तालुक्यातालुक्यांत पोहोचले. त्यांतून कार्यालयीन कामाचे प्रोग्राम शिकविले जातात, ते शिकवावेतच, परंतु यंत्राने नकार दिला तर त्याच्याशी कसे वागावे, याचे शिक्षण त्यांतून मिळताना दिसत नाही. माझी मागणी माफक आहे. या वर्गांतून एक तास तरी पॅकेज, मालकी आणि संघर्ष यांना मिळावा. विद्यार्थ्याने डीपीकेजीलाच विचारून वादग्रस्त फाइलीचा धनी शोधावा, दोन्ही पॅकेजांची नावे आणि आवृत्त्या कक्षातील नोंदवहीत लिहाव्यात, बळाची आज्ञा देऊ नये, आणि ती माहिती पॅकेज सांभाळणाऱ्यास कळवावी. दोन पॅकेजांतील असा अघोषित संघर्ष डेबियनमध्ये गंभीर श्रेणीचा दोष मानला जातो, आणि तो दूर झाल्यावाचून ते पॅकेज एरवी स्थिर आवृत्तीत जाऊ शकत नाही. म्हणजे माजलगावच्या एखाद्या शाळेतून नीट लिहून धाडलेली चार ओळींची तक्रारसुद्धा तेथे दप्तरी दाखल होते, आणि ते पॅकेज सांभाळणाऱ्यास तिची दखल घ्यावीच लागते.