अध्वा, चंक्रमण आणि सहा वर्षांची नात

‘नियमित चालावे’ हे दोन शब्द चिकित्सापत्रकाच्या तळाशी लिहिले नाहीत, असा दिवस प्रस्तुत लेखकाच्या चाळीस वर्षांच्या व्यवसायात क्वचितच गेला असेल. औषध लिहिताना मात्रा, अनुपान, काल यांचा आपण काटेकोर विचार करतो. चालणे मात्र मोघम लिहून देतो. कोणी, कोठे, किती आणि कोणाच्या सोबतीने, याविषयी एक अक्षरही त्यात नसते. या निष्काळजीपणाची जाणीव मला चिकित्सालयात झाली नाही. ती इंग्लंडमधील एका उजाड माळावर, सहा वर्षांच्या नातीचे बोलणे अकस्मात थांबले तेव्हा झाली. समव्यावसायिकांपुढे ही हकिगत मांडताना संकोच वाटतो. तथापि आपल्यापैकी अनेकांची मुले आज परदेशी आहेत, आणि आजी-आजोबा या नात्याने आपणही तेथे जातो, म्हणून लिहितो.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता शेफील्ड येथे कन्येकडे होतो. त्या शहराला लागूनच पीक डिस्ट्रिक्ट हे राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या उत्तर भागात डोंगरमाथे सपाट, वृक्षहीन आणि वाऱ्याने झोडपलेले असतात. त्यांना तेथे ‘मूर’ म्हणतात. पायाखाली पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा, पाणी धरून ठेवणारा थर. वर हेदरची झुडपे, जी ऑगस्टमध्ये जांभळ्या फुलांनी भरून जातात. माथ्यावरून उतरणाऱ्या ओढ्यांनी खाली खोरी कोरली आहेत, आणि त्यांत हिरवी कुरणे, दगडी गडगे, ओकची राई. माथा आणि खोरे यांत अंतर तास-दीड तासाचे; पण प्रकृतीने ते दोन निराळे देश आहेत.

ईडेल या खेड्याच्या स्थानकावर उतरून किंडर स्काउटच्या माथ्याकडे जावे, हा आग्रह माझा. तेथील हा सर्वांत उंच डोंगर ६३६ मीटर. कळसूबाईच्या निम्म्यानेही नाही! एवढ्या टेकाडाची काय मातब्बरी, असे मनात होते. नॉई नदीच्या काठाने दगडी पुलापर्यंत दोन्ही नातवंडे उड्या मारीत आली. तेथून ‘जेकब्ज लॅडर’ या पायऱ्यापायऱ्यांच्या खड्या वाटेने चढ लागला. माथ्यालगत धुके उतरले, बारीक पाऊस सुरू झाला आणि वाऱ्याला अटकाव करील असे एक झाडही नव्हते. नातू नऊ वर्षांचा, तो कुरकुरत का होईना चालत होता. नात मात्र गप्प झाली. चिक्की पुढे केली तर तिने मान फिरवली. ओठ निळसर, हात गार, अंगाला कंप. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “अहो, रुग्णांना सांगता ते आज स्वतः पाळा. मागे फिरा.” कन्येने तिचे ओले कपडे बदलून तिला स्वतःच्या कोटात घेतले आणि आम्ही परतलो. वाऱ्याच्या कक्षेतून खाली येताच पंधरा-वीस मिनिटांत पोर पुन्हा बोलू लागली. तेवढ्यावर निभावले.

त्या रात्री झोप आली नाही. जे घडले ते शास्त्राला अज्ञात नव्हते; मलाच त्याचा विसर पडला होता. वाग्भटांनी वातपित्ताचे रोगी आणि अजीर्णी यांच्या जोडीला बाल आणि वृद्ध यांनाही व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. बलवानानेही तो अर्ध्या शक्तीनेच करावा, तोही शीतकाळी आणि वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी. श्वास तोंडावाटे येऊ लागणे हे अर्धे बल खर्ची पडल्याचे लक्षण सुश्रुतांनी दिले आहे. थंड वाऱ्यात कपाळावरचा घाम दिसत नाही. श्वास मात्र दिसतो. मी त्याकडे पाहिले नाही, कारण माझी दृष्टी माथ्याकडे होती.

मग कुटुंबाने, लेकरांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन, चालूच नये काय? येथेच सुश्रुतांचा विवेक उपयोगी पडतो. अनागतबाधाप्रतिषेधाच्या अध्यायात त्यांनी ‘अध्वा’ आणि ‘चंक्रमण’ ही पृथक् सांगितली आहेत. अध्वा, म्हणजे लांबचा मार्ग, वर्ण, कफ, स्थौल्य आणि सौकुमार्य यांचा नाश करतो. देहाला फारशी पीडा न देणारे चंक्रमण मात्र आयुष्य, बल, मेधा आणि अग्नी वाढवते, इंद्रियांना जाग आणते. निर्धन प्रमेह्याला त्यांनी शंभर योजने चालायला सांगितले, तेथे अध्वा हे औषध आहे. तेच सुकुमार बालकाला दिले तर अपथ्य होय. आपण रुग्णाला ‘चाला’ म्हणतो, तेव्हा या दोहोंतले काय सांगतो?

दहा हजार पावलांचा आकडा तर आता आपलेच सभासद बेधडक सांगू लागले आहेत. तो १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पावलेमोजणी यंत्राच्या नावातून आला, हे त्यांना ठाऊक असावे.

तिसरा विचार देशाचा. मूर कोणत्या देशात गणावा, हा प्रश्न मला बरेच दिवस पुरला. पाणथळ म्हणून आनूप म्हणावे, तर वृक्षहीन आणि वाताळ म्हणून जांगलाचे लक्षण दिसते. शीत, आर्द्रता आणि वात हे तिन्ही एकत्र आल्यावर बालकाच्या देहातील उष्मा किती झपाट्याने उतरतो, हे मी पाहिले आहे. कपडे भिजलेले असतील तर ऑगस्ट महिना असूनही. खोऱ्यात मात्र वृक्षांचा आडोसा असतो आणि परतीची वाट जवळ असते. मूर दुरून पाहावा आणि खोऱ्यात चालावे, असे माझे लहानग्यांच्या बाबतीतले मत झाले आहे.

पुढच्या रविवारी लाँगशॉ येथे गेलो. तेथील बरबेज ओढ्याच्या काठी कुरण उतरत उतरत पाण्यापाशी येते. समोर हिगर टॉरचा खडकाळ माथा आणि हेदरचे जांभळे उतार दिसतात. चालणे जेमतेम दोन मैलांचे. त्यास आम्ही तीन तास लावले. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिरिप्रेमीने १८९२ साली तीन मैलांस एक तास आणि दोन हजार फूट चढास आणखी एक, असा हिशेब बांधून दिला. तो सशक्त प्रौढांचा आहे. नातवंडांनी ओढ्यात दगडांचा बांध घातला, बिलबेरीची निळी फळे आईला ओळखायला लावून मग खाल्ली, आणि घरी आल्यावर न सांगता दोनदा वरण-भात मागितला. अग्निदीपनाची याहून वेगळी साक्ष मला नको.

वैद्याला वनस्पती दिसली की हात पुढे जातो; तो आवरावा. खोऱ्याच्या कडेला फॉक्सग्लोव्ह उगवते, जिच्यावर विल्यम विदरिंगने १७८५ मध्ये ग्रंथ लिहिला आणि जिच्यापासून डिजिटॅलिस हे हृदयाचे औषध मिळाले. तिची पानेही विषारी आहेत. ब्रॅकन नावाच्या नेच्यांत गोचीड असते आणि तिच्या दंशाने लाइम रोग होऊ शकतो. घरी आल्यावर मुलांचे गुडघ्यामागचे भाग, काखा, केसांची मुळे पाहावीत. औषधिविक्रेत्या मित्रांसाठी एक गोष्ट नोंदवतो: याच पीटभूमीत वाढणारे स्फॅग्नम शेवाळ पहिल्या महायुद्धात जखमा बांधण्यासाठी वापरत. ते द्रव मोठ्या प्रमाणात शोषून घेते.

या वाटा आयत्या मिळालेल्या नाहीत. किंडरचा माथा एके काळी शिकारीसाठी राखलेली खासगी मालमत्ता होता. २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारच्या सुट्टीत, बेनी रॉथमन या तरुणाच्या पुढाकाराने काहीशे कामगार, मुख्यतः मँचेस्टरकडचे, मनाई मोडून वर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. राष्ट्रीय उद्यानांचा कायदा १९४९ चा, आणि मोकळ्या माळांवर पायी फिरण्याचा हक्क २००० सालच्या कायद्याचा. आपल्या रुग्णाला चालायला सांगताना त्याच्या घराजवळ सावलीची, वाहनविरहित वाट आहे का, हे आपण विचारतो का? मी तरी विचारत नव्हतो.

आता माझ्या रुग्णपत्रकावर चालण्याखाली चार नोंदी असतात: अध्वा की चंक्रमण, वाट कोणती, सोबत कोण, आणि सोबत्यांतील सर्वांत दुर्बल कोण. वेग त्या दुर्बलाचा. पावसाळी गडावर कडेवरच्या मुलासह जाणारे तरुण आईबाप येतात, त्यांना मी ईडेलची हकिगत सांगतो. काही हसतात.

सौभाग्यवतींच्या संधिवाताची व्यवस्था कन्येने निराळी केली. वाय नदीच्या खोऱ्यातून जाणारा जुना लोहमार्ग १९६८ मध्ये बंद झाला; आज तोच साडेआठ मैलांची सपाट पायवाट आहे, मॉन्सल ट्रेल नावाची. तिच्यावरील बोगदे २०११ मध्ये लोकांसाठी खुले झाले. बोगद्यात गारवा असतो, म्हणून शाल हाताशी ठेवावी. आम्ही मैलभर गेलो, पुलावर थांबून नदी पाहिली आणि त्यांनी सांगितले तेव्हा परतलो.