स्कूबाचे पट्टे सुटायला किती सेकंद लागतात? हंगामाआधी तपासा

मालवण : पावसाळ्यात बंद असलेलं स्कूबा सप्टेंबरपासून पुन्हा सुरू होतं आणि किनाऱ्यावरच्या गावांत चार पैसे खेळू लागतात. मालवण, तारकर्ली, देवबाग इथल्या कितीतरी पोरांची घरं यावर चालतात. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. अशा घटनेनंतर बोटीचा परवाना, लाइफ जॅकेट, बसलेली माणसं यावर चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण डायव्हरच्या पाठीवर टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांकडे फारसं कुणी बघत नाही.

शेतकऱ्याला हे लगेच कळेल. फवारणीचा पंप आपण खांद्यावरून सहज उतरवतो, कारण आपणच हात मागे घेतो. पण पंपासकट माणूस भोवळ येऊन पडला तर? त्याचा लुळा हात पट्ट्यातून काढताना दोघांची दमछाक होते. स्कूबात हेच काम हलत्या पाण्यात करायचं असतं. रिकामी ॲल्युमिनियमची टाकीच साधारण 14 किलोची असते.

पट्टे दोन प्रकारचे

पर्यटकाच्या अंगावर बहुधा जॅकेट असतं. त्याला पोटावर, छातीवर आणि बऱ्याचदा दोन्ही खांद्यांवर प्लास्टिकची क्लिप असते. खांद्याची क्लिप दाबली की हात न वाकवता माणूस मोकळा होतो.

दुसरा प्रकार म्हणजे धातूच्या पाटीतून ओवलेला एकच अखंड नायलॉनचा पट्टा. अमेरिकेत फ्लोरिडाच्या पाण्याखालच्या गुहांत उतरणाऱ्यांनी तो रूढ केला. त्यांचं म्हणणं सरळ आहे : जितक्या क्लिपा जास्त, तितक्या तुटायच्या जागा जास्त. गुहेत ते पटतं. पण या पट्ट्याला कंबरेवर एकच बक्कल असतं, खांद्यावर काहीच नसतं. बेशुद्ध माणसाला सोडवायचं तर बक्कल उघडून पट्टा सैल करून हात काढावा लागतो, नाहीतर सरळ कापावा लागतो. त्यासाठी मजबूत कात्री हाताशी पाहिजे.

म्हणजे कुठलाच प्रकार मुळात वाईट नाही. पट्टा कसा सुटतो हे बोटीवरच्या माणसाला माहीत नसणं, हे वाईट.

क्रम चुकला तर

बेशुद्ध डायव्हरला वर आणल्यावर आधी त्याला तरंगतं करायचं. जॅकेटमध्ये हवा भरायची, कंबरेचं वजन सोडून द्यायचं. मग तोंड वर करून, मास्क काढून, मान मागे करून श्वासमार्ग मोकळा करायचा. श्वास नसेल आणि जमत असेल तर पाण्यातच तोंडाने श्वास द्यायचा. जॅकेट शेवटी, बोट जवळ आल्यावर काढायचं, कारण तेच त्याला तरंगत ठेवतं. घाईत जॅकेट आधी काढलं आणि वजन कंबरेलाच राहिलं, तर माणूस परत खाली जाऊ शकतो.

मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत कायमचं नुकसान सुरू होतं. त्यातली दोन मिनिटं क्लिप शोधण्यात गेली तर उरलं काय?

आणि बेशुद्ध पडणारा पर्यटकच असेल असं नाही. दिवसातून अनेकदा पाण्यात उतरणारा आपलाच पोरगा असू शकतो. तेव्हा त्याला ओढून घेणार कोण? वर थांबलेला तांडेल आणि खलाशी. ते डुबकी मारत नसले, तरी प्रत्येक पट्टा डोळे मिटून सोडता आला पाहिजे.

करायचं काय

याला मोठा खर्च नाही. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक बोटीने एकदा सराव करावा : एकाने बेशुद्ध असल्यासारखं अंग सोडायचं, बाकीच्यांनी त्याला नेहमीच्याच सामानातून सोडवून बोटीत घ्यायचं. घड्याळ लावायचं. बोटीवर पट्टा कापणारी कात्री, ऑक्सिजन आणि 108 ला फोन लावणारा माणूस आधीच ठरलेला असावा. मिठाने गंजलेलं बक्कल आणि चिरलेली क्लिप तिथल्या तिथे बदलावी. परवाना तपासायला येणाऱ्यांनी कागदांबरोबर हा सरावही समोर करून दाखवायला सांगावं.

पाहुणे घेऊन मालवणला जाणाऱ्यांनीही पाण्यात उतरण्याआधी एवढंच विचारावं : "माझे पट्टे कुठून सुटतात, आणि बोटीवर ते कोणाला येतात?" उत्तर लगेच मिळालं तर उतरा. एकमेकांची तोंडं बघायला लागले, तर त्या बोटीतून उतरू नका.