समुद्रतळाचाही पंचनामा हवा

अरबी समुद्रातील वादळ ही शहापूरसारख्या भंडारा जिल्ह्यातील गावी बसलेल्या वाचकास दूरदेशीची वार्ता वाटली, तर त्यात नवल नाही. परंतु 2020 या एकाच वर्षी महाराष्ट्राच्या दोन्ही टोकांवर आपत्ती कोसळली, याचे विस्मरण होऊ नये. 3 जून रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर धडक दिली आणि श्रीवर्धन, मुरुडकडील नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट केल्या. ऑगस्टअखेर वैनगंगेस महापूर येऊन भंडारा शहराचा मोठा भाग व नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. दोन्हीकडे मागोमाग पंचनामे झाले. घर, गोठा, पीक, झाड, होडी यांची मोजदाद झाली. जे पाण्याखाली होते, त्यास मात्र पंचनाम्यात रकाना नव्हता. आमचा आजचा प्रश्न नेमका याविषयीचा आहे.

मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, प्रवाळांची वस्ती आहे. तेथील 29.12 चौरस किलोमीटरचे क्षेत्र 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे 105 किलोमीटरवर, सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारे ‘आंग्रिया बँक’ हे बुडालेले पठारही प्रवाळांनी समृद्ध आहे. प्रवाळ म्हणजे निर्जीव खडक नव्हे. सूक्ष्म जीवांनी पिढ्यान्‌पिढ्या चुन्याचे थर रचून उभारलेली ती वसाहत आहे आणि असंख्य मासे तिच्याच आश्रयाने वाढतात.

वादळी लाटा या वसाहतीच्या नाजूक फांद्या मोडतात. तळाचा गाळ उसळतो, नद्यांचे लोंढे गढूळ पाणी आणतात आणि ज्या सूर्यप्रकाशावर प्रवाळातील शैवाल जगते, तोच अडतो. सारा दोष वादळाच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही. वादळ तापलेला समुद्र काही काळ निववतेही, आणि प्रवाळांनी आजवर अगणित वादळे पचविली आहेत. खरा धोका आहे तो सावरण्यास अवधी न मिळण्याचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढली. एकट्या 2019 साली तेथे पाच चक्रीवादळे उठली; 2021 च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ कोकणकिनारा झोडपीत गुजरातेकडे गेले. समुद्राचे वाढते तापमान वादळांस बळ देते आणि तेच प्रवाळांस पांढरे पाडून दुबळे करते. दुबळ्यावरच पुन्हा घाव पडतो, तो असा.

याची झळ अखेर माणसासच पोहोचते. सलग प्रवाळभिंती लाटांची सरासरी 97 टक्के शक्ती शोषून घेतात, असा निष्कर्ष जगभरातील निरीक्षणांवरून 2014 साली काढण्यात आला. मालवणचे विखुरलेले प्रवाळ एवढे संरक्षण देतील, असे आम्ही म्हणत नाही. पण माशांचा आसरा मोडला की मच्छीमाराचे जाळे रिकामे येणार, हे उघड आहे. गाळाने भरलेल्या मालगुजारी तलावावर पोट असलेल्या आमच्या ढिवर बांधवांस हे दुःख कोणी समजावून सांगावयास नको.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक मोठ्या वादळानंतर शास्त्रज्ञांनी स्थानिक मच्छीमारांस बरोबर घेऊन प्रवाळांची पाहणी करावी आणि घटलेल्या मासळीचा विचार नुकसानभरपाईत व्हावा. आंग्रिया बँक 12 सागरी मैलांच्या राज्यहद्दीपलीकडे असल्याने तिच्या रक्षणाची जबाबदारी केंद्र सरकारने घ्यावी. वादळ आपल्या हाती नाही. परंतु प्रवाळांवर पडणारे नांगर, पर्यटकांचे पाय आणि किनाऱ्यावरून वाहणारे सांडपाणी रोखणे खचित आपल्या हाती आहे.

पडलेले घर वर्षभरात उभे राहते, मोडलेली होडी पुन्हा सांधता येते. दगडासारखा गोलाकार प्रवाळ मात्र वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. त्याचे नुकसान मोजण्यास आपण आज चुकलो, तर आपल्या नातवंडांस मोजण्यासारखे तेथे काही उरेल काय, याचा विचार राज्यकर्त्यांनी पुढील वादळापूर्वी करावा.