फाटकाबाहेरची फातिहा

शाबानच्या चौदा तारखेचा सूर्य मावळला की शब-ए-बरात लागते. रमजान जेमतेम पंधरवड्यावर आलेला असतो. ही माफीची रात्र आणि गेलेल्यांच्या आठवणीचीही. तिसगाव-पाथर्डी पट्ट्यातल्या मुस्लिम घरांत त्या दिवशी हरभऱ्याची डाळ शिजते, वाटली जाते, तुपावर परतून तिचा हलवा होतो. फातिहा कोणाकोणाच्या नावाने द्यायची, सासऱ्यांना काय आवडायचं, तान्हेपणी गेलेल्या लेकराचं नाव काय ठेवलं होतं, हे सारं घरातल्या बाईलाच पाठ असतं. इशाची नमाज झाली की पुरुष टोप्या सावरत कब्रस्तानाकडे निघतात. वर्षभरात खचलेली माती सारखी करायची, पाणी शिंपडायचं, गुलाबपाकळ्या आणि सब्जाच्या काड्या ठेवायच्या, अगरबत्ती खोचायची, यासीन पढायचं आणि हात उचलून मयताला सवाब पोचवायचा.

बाई बहुतेक गावांत घरीच राहते. फार तर फाटकापर्यंत येते. पोटच्या मुलाची कबर कुठल्या कोपऱ्यात आहे, हे तिला नवऱ्याने हाताने दाखवून सांगायचं. कारण विचारलं तर दोनच शब्दांत उत्तर मिळतं: ‘शरियतमध्ये नाही.’

खरंच नाही का? या रात्री कब्रस्तानात जायची चाल ज्या हदीसवर, म्हणजे प्रेषितांविषयीच्या ज्या कथनावर, सांगितली जाते, ती तिरमिझींच्या संग्रहात आहे. प्रेषित मुहंमद एका रात्री अंथरुणावर दिसले नाहीत, म्हणून त्यांना शोधायला कोणी बाहेर पडलं आणि मदिनेच्या जन्नतुल बकी कब्रस्तानात ते सापडले. हे शोधणारं ‘कोणी’ म्हणजे प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा. हकिगत सांगणाऱ्याही त्याच. हदीस सांगणाऱ्यांची साखळी कच्ची आहे, असा शेरा खुद्द तिरमिझींनीच दिला आहे. तिचा आधार घेऊन ही रात्र खास मानू नये, असं म्हणणारेही आहेत. त्यांच्याशी इथे वाद नाही. पण जे ही रात्र मानतात, त्यांनी हदीस अर्धीच कशी मानावी? ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहातली हदीस तर याहून भक्कम. कबरीत विसावलेल्यांसाठी काय म्हणावं, असं आयेशांनी विचारलं आणि प्रेषितांनी त्यांना कब्रस्तानातला सलाम शिकवला. बाईने जायचंच नव्हतं, तर तिला तो शिकवला कशाला?

उलट बाजूही आहे, ती लपवायचं कारण नाही. कबरींवर वरचेवर जाणाऱ्या स्त्रियांचा धिक्कार करणारी हदीस आहे. आणि कबरींना जायला आधी मनाई होती, पुढे परवानगी मिळाली, हेही हदीसमध्येच आहे. ही परवानगी बायकांनाही लागू की नाही, यावर हनफी उलेमांतच मतं दोन आहेत. मनाई करणाऱ्यांचा मुख्य आक्षेप छाती पिटून केलेल्या आक्रोशावर आणि बेपर्दगीवर आहे. म्हणजे आक्षेप वागण्यावर. वागण्याचंच म्हणाल, तर शब-ए-बरातच्या रात्री मुंबईत मोटारसायकली उडवणाऱ्या पोरांना आवरा म्हणून मौलाना आणि पोलीस दरवर्षी विनवण्या करतात. म्हणून पुरुषांना कुणी कब्रस्तान बंद केलेलं नाही.

शिवाय दर्ग्यात बाई चालते. तिथेही शेवटी कबरच असते. नगरच्या शाह शरीफांच्या दर्ग्याला मालोजीराजे आणि उमाबाईंनी पुत्रासाठी साकडं घातलं आणि मुलांची नावं शहाजी, शरीफजी ठेवली, ही कथा या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पिराच्या कबरीशी नवस बोलायला बाई हवी आणि आईच्या कबरीशी दुआ मागायला नको, हा कुठला न्याय?

न्यायाचा प्रश्न निघालाच आहे, तर 2016 साल आठवावं. त्या वर्षी गुढीपाडव्याला, 8 एप्रिलला, याच जिल्ह्यातल्या शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला. 26 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत जायचा स्त्रियांचा हक्क मान्य केला. तिथली बंदी तर जुनी परंपराही नव्हती, काही वर्षांपूर्वीच घातलेली होती. दोन्हीकडे विश्वस्त आधी अडून बसले आणि कोर्टाचा दट्ट्या आल्यावर वाट मोकळी झाली. यात धर्माची शोभा वाढली नाही. हिंदू घरांतही ‘बायकांनी स्मशानात येऊ नये’ हे अजून बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं, तेव्हा कुणी दुसऱ्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

गावच्या कब्रस्तानाला हायकोर्टाची गरज पडू नये. काम छोटं आहे. जमातीने बसून ठरवायचं: शाबानच्या त्या दिवशी तिसऱ्या प्रहरच्या असरपासून सूर्यास्ताच्या मगरिबपर्यंत कब्रस्तान बायकांसाठी. गर्दी नाही, अंधार नाही, पर्द्याचा प्रश्न नाही. आतली पायवाट काट्याकुट्यांतून मोकळी करायची आणि जुम्याच्या नमाजनंतर तशी सूचना द्यायची. ज्यांना जायचं नाही त्या जाणार नाहीत; त्यांच्यावर सक्ती कोण करतंय? पण जिला जायचंय, तिला अडवणाऱ्याने ‘शरियत’ या एका शब्दावर भागवू नये. हदीस काढून दाखवावी, आणि दाखवताना आयेशांची पानं उलटून पुढे जाऊ नये.