निवृत्तीनंतर काय, शिकवायचंच की!

साठीला टेकलेल्या कुठल्याही मुलुंडकर गृहस्थाला "पुढे काय?" असं विचारून पाहा. तीनच उत्तरं मिळतात. गावी आंब्याची कलमं लावीन, पेटी शिकेन, नाहीतर "एखाद्या कॉलेजात शिकवीन म्हणतो." कलमांना खतपाणी लागतं, पेटीला रियाज लागतो, हे त्या गृहस्थांना मान्य असतं. शिकवायला मात्र तोंडापलीकडे काही लागतं, अशी शंका त्यांना चुकूनही शिवत नाही. आमचं भांडण आहे ते याच ठिकाणी.

भांडायचा अधिकार मी कमावला आहे. २६ वर्षं इमारती बांधल्यावर बावन्नाव्या वर्षी मी उपनगरातल्या एका इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायला लागलो. बातमी फुटताच सोसायटीत दोन पक्ष पडले. एकाचं म्हणणं, "पगार निम्मा करून घेतलात? डोकं तपासून घ्या." दुसऱ्याचं म्हणणं, "मजा आहे बुवा! दिवसाला दोन लेक्चरं झाडायची आणि चहा प्यायचा. वर मे महिन्याची सुट्टी!" एका मुद्द्यावर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत होतं: शिकवणं म्हणजे विश्रांती.

या समजुतीचं मूळ 'अनुभव' या शब्दात आहे. अनुभवाची गंमत अशी, की तो माणसाला उत्तरं देतो आणि कारणं सांगायची सवय मोडतो. साइटवर मी "काँक्रीटमध्ये पाणी वाढवू नका" म्हणून ओरडलो की मुकादम "हो साहेब" म्हणायचा. माझी पाठ वळली की वाढवायचा, तो भाग वेगळा. पण २६ वर्षांत "का?" असं एकानेही विचारलं नाही. वर्गात पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं. सिमेंटला घट्ट व्हायला लागतं त्याहून जास्तीचं पाणी पुढे उडून जातं, जाताना बारीक पोकळ्या ठेवतं आणि त्या पोकळ्या काँक्रीटची ताकद खातात. पण सांगितलं म्हणजे समजलं, असं वर्गात नसतं. म्हणून दोन तऱ्हांचे ठोकळे ओतले, २८ दिवस पाण्यात ठेवले (घट्ट झाल्यावर पाणी कसं चालतं, हा आणखी एक 'का' त्यातून निघालाच) आणि मुलांदेखत यंत्राखाली फोडले. जास्त पाण्याचा आधी फुटला, तेव्हा कुठे बाईसाहेबांचं समाधान झालं. एका 'का'ला २८ दिवस! असे 'का' तासाला चार येतात. विश्रांती कधी घ्यायची सांगा.

२०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नावाची सोय काढली. व्यवसायातला किमान १५ वर्षांचा अनुभव हवा, पीएच.डी.ची सक्ती नाही, मुदत ३ वर्षं, फार तर ४. सोय चांगली आहे. बाहेरचा वारा वर्गात यायलाच हवा. पण त्यात मानद, म्हणजे बिनपगारी, असाही एक प्रकार आहे. आमचे निवृत्त गृहस्थ नेमके त्याच दारातून हसत आत शिरतात. "मला पैशाची अपेक्षा नाही हो!"

अहो, तुम्हाला नसेल. तुमचं पेन्शन चालू आहे, फ्लॅटचे हप्ते फिटले आहेत. पण आमच्या ओळखीची एक मुलगी आहे. एम.कॉम., नेट उत्तीर्ण. सकाळी घाटकोपरच्या कॉलेजात दोन तास, तिथून मेट्रोने अंधेरी, अंधेरीत एक तास, मग लोकलला लोंबकळत बोरिवली. नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर पैसे. ज्या मे महिन्याच्या सुट्टीचा आमच्या सोसायटीला हेवा वाटतो, त्या महिन्यात हिची मिळकत शून्य. मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवून असं भागवून न्यायची रीत महाराष्ट्रात जुनीच आहे. आयोगाने या नव्या नेमणुका मंजूर जागांच्या बाहेर ठेवल्या, हे खरं. पण फुकटचा तास मिळाला की रिकामी जागा भरायची घाई कुणाला राहते? फुकट शिकवणाऱ्याला वाटतं आपण विद्यादान करतो आहोत. प्रत्यक्षात त्याने गरिबाच्या खाणावळीसमोर अन्नछत्र उघडलेलं असतं.

व्यवसायातल्या माणसाने शिकवूच नये, असं नव्हे. मुंबईला ती परंपराच आहे. बॅरिस्टर आंबेडकर १९३५ साली सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. तेव्हा त्यांचं वय ४४ होतं आणि हातात कामांचा डोंगर होता. उरलेला वेळ कुठे घालवावा, अशी विवंचना त्यांना खासच नसावी.

तेव्हा यायचं तर पन्नाशीला या, अंगात दम असताना या. पहिली सहामाही एखाद्या चांगल्या शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसा. तासाचे पैसे वाजवून घ्या; नको असतील तर घरी जाऊन दान करा, पण दर पाडू नका. आणि स्टाफरूममधले तासिकावाले कायम नेमणुकीचा अर्ज घेऊन निघाले, की त्यावर पहिली सही तुमची असू द्या. नोकरी जाण्याची भीती नसलेला माणूस कॉलेजात दुर्मीळ असतो. त्याचा उपयोग चहा पिण्यापलीकडेही होऊ शकतो.