सेवेचे पुण्य आणि नळीचे शास्त्र

मराठी साहित्यातले म्हातारपण बोलके आहे. 'नटसम्राट' रंगभूमीवर आले १९७० साली. तेव्हापासून आपल्या नाटक-कादंबऱ्यांतला वृद्ध मुलांच्या कृतघ्नतेविषयी बोलत आला, परदेशी गेलेल्या लेकाची वाट पाहत आला, रिकाम्या घरात जुने दिवस आठवत आला. त्याची लघवी मात्र क्वचितच तुंबते. काव्यशास्त्राने बीभत्साला नवरसांत मानाचे आसन दिले असूनही आम्हां मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना म्हाताऱ्या देहाला लावलेली नळी पाहवत नाही. हा केवळ अभिरुचीचा प्रश्न असता तर आम्ही गप्प बसलो असतो. पण या वाङ्मयाने आपल्याला एकच प्रश्न विचारायला शिकवले आहे : मुलगा कुठे आहे? परिचारिका कुठे आहे, हे विचारण्याचे आपल्याला सुचतच नाही. आणि त्याची किंमत घरोघरी मोजली जात आहे.

प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेले, पक्षाघात झालेले, खुब्याचे हाड मोडलेले माणूस लघवीच्या नळीसह घरी येते. डिस्चार्जच्या कागदावर औषधांची यादी असते, पुढच्या तपासणीची तारीख असते, आणि नळीविषयी फार तर एक ओळ : 'कॅथेटर केअर'. ही काळजी कोणी आणि कशी घ्यायची, नळी मध्यरात्री तुंबली तर कोणाला बोलवायचे, याचे उत्तर तिथे लिहिलेले नसते. ते गृहीत धरलेले असते. ते उत्तर म्हणजे घरातली बाई.

त्या एका ओळीत काय काय दडले आहे ते पाहावे. फोली कॅथेटर मूत्राशयात टिकून राहतो तो टोकाजवळच्या, निर्जंतुक पाण्याने फुगवलेल्या छोट्या फुग्यामुळे. हा फुगा वाटेत, मूत्रमार्गातच फुगवला गेला तर आतून इजा होऊन रक्तस्राव होतो. तो रिकामा न करता नळी ओढली गेली तरी तेच. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. नळी आणि पिशवी यांचा सांधा विनाकारण उघडायचा नाही. पिशवी खालच्या तोटीने रिकामी करायची, आधी आणि नंतर हात साबणाने धुवायचे. साध्या रबराची नळी काही आठवड्यांत बदलावी लागते. सिलिकॉनची साधारण १२ आठवड्यांपर्यंत चालते. नळी महिनाभर राहिली की लघवीत जंतू बहुधा सापडतातच. केवळ तेवढ्यावरून प्रतिजैविके देणे चूक. मात्र ताप, थंडी, किंवा एरवी नीट बोलणारे आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागणे, ही धोक्याची खूण. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : ही नळी आता हवीच आहे का? तो विचारणारे कोणी घरी येत नाही, म्हणून गरज संपलेली नळीही तशीच राहते आणि तिच्यासोबत संसर्गाचा धोकाही.

यातले पिशवी रिकामी करणे, स्वच्छता राखणे हे घरच्यांना शिकवता येते, शिकवलेच पाहिजे. नळी बदलणे, तुंबलेली नळी मोकळी करणे, संसर्गाची लक्षणे वेळेत ओळखणे यांसाठी प्रशिक्षित माणूस हवे. ही सीमारेषा आपल्या भाषेत एका शब्दाने पुसली जाते : सेवा. सासऱ्यांची नळी सांभाळणारी सून 'सेवा करते' असे म्हटले की तिला कोणी शिकवले का, ती रात्री झोपते का, दोघांनाही या कामाचा संकोच होतो का, हे प्रश्न अशिष्ट ठरतात. चुकले तर सेवेत कसूर, साधले तर पुण्य. पुण्याला प्रशिक्षण नसते, वेतन नसते, सुटी नसते. बाहेरून आणलेल्या बाईलाही आपण याच जाळ्यात ओढतो. ब्यूरोतून बारा तासांसाठी येते ती 'मावशी'. नात्याचे नाव दिले की शिक्षणाची चौकशी करायला नको, आणि पैशांची घासाघीस करायला मोकळे! अनेकदा तिला परिचर्येचे शिक्षण मिळालेले नसते, तरी नळीची जबाबदारी तिच्यावरच पडते. 'शुश्रूषा' हा शब्द 'श्रु' धातूच्या इच्छार्थक रूपावरून आला. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. आज रुग्णाचेही कोणी ऐकत नाही आणि शुश्रूषा करणारीचेही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की परकी व्यावसायिक मदत आली की घरातली माया आटते. आमच्या मते माया आटते ती भीतीने आणि जागरणाने. नळीची चिंता जाणत्या हातांवर सोपवली, की वडिलांशेजारी बसून चार शब्द बोलायला मुलाला आणि सुनेला उसंत मिळेल. दुसरा आक्षेप खर्चाचा : हे चोचले श्रीमंत देशांचे. त्याला उत्तर केरळचे आहे. उपशामक परिचर्येचे धोरण २००८ साली जाहीर करणारे ते देशातले पहिले राज्य. त्यामागे कोळिकोडला १९९३ साली सुरू झालेले काम आणि गावोगावच्या स्वयंसेवकांची चळवळ होती. तिथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आधाराने प्रशिक्षित परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाते. नळी बदलते, जखमा धुते, घरच्यांना शिकवते.

आपल्याकडे कागदाची उणीव नाही. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांना घरी जाऊन भेटण्याची तरतूद त्यात आहे. उणीव आहे ती मागणीची. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. नळीसह घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर मराठीत लिहिलेले असावे : नळी का घातली, केव्हा घातली, केव्हा बदलायची वा काढायची, आणि अडले तर कोणाला फोन करायचा. घरच्यांकडून एकदा प्रत्यक्ष करवून घेतल्याखेरीज सुटी देऊ नये. आणि प्राथमिक आरोग्य केंद्र असो वा महापालिकेचा दवाखाना, तिथून ठरल्या दिवशी घरी येणारी, पुरेसे वेतन घेणारी परिचारिका असावी.

वृद्धत्वाचे साहित्य शिकवणाऱ्यांकडे आमचे मागणे याहून छोटे आहे. वर्गात कृतघ्न मुलाचा न्यायनिवाडा झाला, की आणखी एक प्रश्न विचारावा : या म्हाताऱ्याचे रोजचे अंग कोण पुसत होते, आणि तिचे नाव पात्रयादीत का नाही?